बारावीचे टक्के आणि सीईटीचे शततमक : प्रवेशाच्या मोजपट्टीची चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्रात विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण होऊन अभियांत्रिकीकडे जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती दोन कागद येतात. एक राज्य शिक्षण मंडळाचे गुणपत्रक. दुसरा सामाईक प्रवेश परीक्षेचा, म्हणजे आता घरोघरी रुळलेल्या सीईटीचा निकाल. दोन्हींवरील आकडा शंभरच्या आत असतो, दोन्हींना लोक ‘टक्के’च म्हणतात, आणि घोटाळ्यास येथूनच प्रारंभ होतो. या दोन आकड्यांचा अर्थ काय, त्यांपैकी कोणता आकडा कोणते काम करतो, आणि जे काम तो करतो असे मानले जाते ते तो खरोखर करतो काय, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात करावयाची आहे. सीईटी असावी की नसावी हा वाद येथे अभिप्रेत नाही. तो पुष्कळ वर्षे चालू आहे. मात्र दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांत मोजपट्टी प्रत्यक्ष हातात घेऊन पाहणारे थोडेच आढळतात.

प्रस्तुत लेखक वरिष्ठ महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवितो आणि दरवर्षी बी.एस्सी.च्या प्रवेश समितीच्या टेबलावर बसतो. एका वर्षी एक शेतकरी पालक मुलाला घेऊन आले. दोन्ही कागद त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून आणले होते. बारावीला मुलाला ८२ टक्के होते. सीईटीच्या कागदावर ७८ आणि दशांशचिन्हापुढे सात अंक होते. “सर, एवढ्यात चार टक्के गेले कुठं?” असा त्यांचा प्रश्न होता. मुलगा मान खाली घालून उभा होता. बारावीची परीक्षा झाल्यावर पोराने अभ्यास सोडला, अशी त्यांची समजूत झालेली स्पष्ट दिसत होती.

या गैरसमजाचा दोष त्या पालकांच्या माथी मारता येणार नाही. शिकलेल्या माणसांनाही हा भेद पुष्कळदा माहीत नसतो. वर्तमानपत्रांतील जाहिरातींत तर ‘९९ टक्के’ आणि ‘९९ पर्सेंटाइल’ असे दोन्ही शब्द एकाच अर्थाने छापले जातात.

टक्के आणि शततमक

बारावीचे ८२ टक्के म्हणजे नेमून दिलेल्या १०० गुणांपैकी मिळविलेले ८२ गुण. हा विद्यार्थी आणि अभ्यासक्रम यांच्यातील संबंध होय. वर्गातील इतर सर्वांना ९० मिळाले किंवा ४० मिळाले, तरी याचे ८२ हे ८२च राहतात. पर्सेंटाइल, म्हणजे संख्याशास्त्राच्या पुस्तकांतील शततमक, ही वेगळ्या जातीची संख्या आहे. समजा, परीक्षेच्या एका सत्रात २०,००० विद्यार्थी बसले आणि त्यांपैकी १५,६०० जणांचे गुण एखाद्या विद्यार्थ्याइतके किंवा त्याहून कमी आहेत. १५,६०० ला २०,००० ने भागून १०० ने गुणले की ७८ मिळतात. त्याला २०० पैकी ७० गुण मिळाले की ११०, हे या ७८ वरून कळत नाही. त्याला काय येते हेही कळत नाही. कळते ते एवढेच की रांगेत त्याच्या मागे किती माणसे उभी आहेत.

म्हणून त्या मुलाचे चार टक्के कोठेही गेले नव्हते. ८२ आणि ७८ यांची वजाबाकी ही शेर आणि कोस यांची वजाबाकी झाली. उलट, स्वतः निवड करून, तयारीनिशी बसलेल्या परीक्षार्थींमध्ये शंभरातील ७८ जणांच्या बरोबरीने किंवा पुढे असणे ही काही मान खाली घालण्याजोगी गोष्ट नव्हे.

आता दशांशचिन्हापुढील सात अंकांचा विचार करू. २०,००० विद्यार्थ्यांच्या सत्रात एका विद्यार्थ्याचे वजन ०.००५ इतके असते. याचा अर्थ तिसऱ्या दशांश स्थळानंतरचे अंक विद्यार्थ्याविषयी काहीही सांगत नाहीत. ती केवळ भागाकाराची बाकी असते. सोनाराच्या काट्यावर सरपणाची मोळी ठेवून मिलिग्रॅमपर्यंत वजन सांगावे, तसा हा प्रकार आहे. तरीही छापलेला अंक स्वतःचा अधिकार निर्माण करतो. सात दशांश स्थळे पाहून पालकांना वाटते की मापन फार सूक्ष्म झाले आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे शततमकाचा एक एकक सर्वत्र सारखा नसतो. उदाहरणादाखल असे धरू की मध्यभागी एकाच गुणावर ३०० विद्यार्थी आहेत आणि अगदी वरच्या टोकाला एका गुणावर चार. मध्यभागी एक प्रश्न जास्त बरोबर आला की शततमक दीडने वाढतो. टोकाला तोच एक प्रश्न ०.०२ ची भर घालतो. तथापि, नामांकित महाविद्यालयांचे प्रवेश त्या टोकालाच ठरतात, आणि तेथे ०.०२ हे अंतर एका शाखेतून दुसऱ्या शाखेत जाण्यास पुरेसे असते. म्हणजे जेथे एका प्रश्नाचा परिणाम कागदावर सर्वांत क्षुल्लक दिसतो, तेथेच त्याची किंमत सर्वांत अधिक असते. बहुपर्यायी परीक्षेत एका प्रश्नाइतका फरक ज्ञानामुळे पडला की त्या दिवशीच्या नशिबामुळे, हे सांगण्याचे कोणतेही साधन या पद्धतीत नाही.

शततमकाचा अवलंब का करावा लागला, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. २०१९ पासून ही परीक्षा संगणकावर, अनेक दिवस आणि अनेक सत्रांत घेतली जाऊ लागली. प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असल्याने कच्च्या गुणांची थेट तुलना अन्याय्य ठरली असती. प्रत्येक सत्रातील परीक्षार्थी साधारणतः सारख्या कुवतीचे आहेत असे गृहीत धरून त्या-त्या सत्रातील स्थान हेच समान माप मानण्यात आले. सत्र मोठे असेल आणि वाटणी यादृच्छिक असेल, तर हे गृहीतक बऱ्याच अंशी टिकते. मात्र प्रश्नपत्रिकाच सदोष असेल तर त्याला उपाय नाही. २७ एप्रिल २०२५ रोजी सकाळच्या सत्रात गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांच्या पर्यायांत चुका निघाल्या, तेव्हा शततमकाचे सूत्र कामास आले नाही. त्या सत्रातील सुमारे २७ हजार विद्यार्थ्यांची ५ मे रोजी पुन्हा परीक्षा घ्यावी लागली.

शततमकाचा प्रयोग महाराष्ट्राला त्याआधीही अपरिचित नव्हता. दहावीनंतर अकरावीच्या प्रवेशात राज्य मंडळ, सीबीएसई आणि आयसीएसई यांच्या गुणांची तुलना कशी करावी, हा पेच २००८ च्या सुमारास उभा राहिला होता. शासनाने आधी पर्सेंटाइलचे सूत्र आणले. ते उच्च न्यायालयात टिकले नाही. २००९ मध्ये राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी ९० टक्के जागांचे सूत्र आले. तेही टिकले नाही. २०१० चे ‘बेस्ट फाइव्ह’ उच्च न्यायालयाने फेटाळले, परंतु सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. तीन वर्षांत तीन सूत्रे! वेगवेगळ्या मंडळांचे गुण एका पातळीवर आणण्याचा प्रश्न खरा आहे, तो सीईटीवाल्यांनी कल्पनेतून काढलेला नाही, एवढे तरी यावरून मान्य करावयास हवे.

चोपन्न सेकंदांचा प्रश्न

सीईटीच्या भौतिकशास्त्र-रसायनशास्त्राच्या पेपरात १०० प्रश्न असतात आणि वेळ ९० मिनिटांचा. एका प्रश्नास चोपन्न सेकंद. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुणांचे, त्यांनाही ९० मिनिटे. चोपन्न सेकंदांत विद्यार्थ्याने प्रश्न वाचावयाचा, समजून घ्यावयाचा, सोडवावयाचा आणि चारांतील एक पर्याय निवडावयाचा असतो. हे कौशल्य आहे, यात शंका नाही. परंतु ते भौतिकशास्त्राचेच कौशल्य आहे असे म्हणवत नाही. पायऱ्या मांडणे, आकृती काढणे, एखादे प्रमेय सिद्ध करणे, आपले उत्तर का बरोबर आहे ते वाक्यात सांगणे यांना येथे जागा नाही. ज्या विद्यार्थ्याला पद्धत येते, परंतु आकडेमोडीस वेळ लागतो, तो आणि ज्याला काहीच येत नाही तो, हे दोघे एका रिकाम्या वर्तुळापाशी सारखेच ठरतात.

भाषेचा मुद्दा तर क्वचितच कोणी काढतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांच्या प्रश्नपत्रिका इंग्रजीखेरीज मराठी आणि उर्दूतही उपलब्ध असतात. गणिताची मात्र केवळ इंग्रजीत. आमच्याकडे येणारे बरेचसे विद्यार्थी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले असतात. ‘विकलन’, ‘सदिश’, ‘संभाव्यता’ हे शब्द त्यांच्या ओळखीचे होण्यापूर्वीच अकरावीत ते इंग्रजी होऊन समोर येतात. दोन वर्षांत ते जुळवून घेतात, घेतातच. परंतु घड्याळ लावलेल्या परीक्षेत शाब्दिक उदाहरण दोनदा वाचावे लागणे आणि एकदाच वाचून भागणे यांत पाच-सात सेकंदांचा फरक पडतो. पन्नास प्रश्नांत तो किती होतो, याचा हिशेब वाचकांनीच करावा. शततमकात हा फरक ‘गुणवत्ता’ या नावाने नोंदला जातो.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये नील ऑरेलिओ नुन्स प्रकरणात वैद्यकीय प्रवेशांतील इतर मागासवर्गीयांचे आरक्षण वैध ठरविताना, स्पर्धा परीक्षेतील गुण आणि गुणवत्ता या समानार्थी गोष्टी नव्हेत, अशा आशयाचे विवेचन केले होते. ते विवेचन पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांच्या संदर्भात असले, तरी त्यातील विचार अठराव्या वर्षी द्यावयाच्या परीक्षेला अधिकच लागू पडतो.

दोन दारे

आता या दोन आकड्यांच्या कामाकडे वळू. अभियांत्रिकीच्या प्रवेशात क्रमवारी लावण्याचे काम सीईटीकडे आहे आणि पात्रता ठरविण्याचे काम मुख्यतः बारावीकडे. बारावीत संबंधित विषयगटात ४५ टक्के, आरक्षित प्रवर्गांसाठी ४० टक्के, ही पात्रतेची अट. त्यापुढे बारावीत ४६ मिळाले काय किंवा ९६ काय, क्रमवारीस त्याचे सोयरसुतक नाही. दोघांचे सीईटीतील एकूण शततमक आणि विषयवार शततमकही सारखे निघाले तरच बारावीचे गुण पाहिले जातात. सीईटीसाठी पात्रतेची अट आहे ती शून्येतर गुणांची, म्हणजे शून्यापेक्षा काहीतरी अधिक मिळाले पाहिजे.

या अटी किती अडवितात, हे गणित करून पाहण्याजोगे आहे. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडीत गेल्यास दर चार प्रश्नांमागे सरासरी एक बरोबर येतो. २०० पैकी ५० गुण अशा रीतीने प्रश्न न वाचताही अपेक्षित असतात. तेव्हा शून्येतर गुणांची अट कोणालाही अडवीत नाही. ती केवळ परीक्षेला हजर राहिल्याची पावती आहे.

बारावीच्या बाजूचा हिशेब अधिक बोलका आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित असा सर्वसाधारण विषयगट घेतला, तर एकूण गुण ३००. त्यांत प्रात्यक्षिकांचे ३० अधिक ३० आणि गणिताचे २०, असे ८० गुण महाविद्यालयाच्या पातळीवर दिले जातात. हे गुण कसे दिले जातात, ते आम्ही शिक्षकच जाणतो. आपल्या विद्यार्थ्याला ३० पैकी १८ देणारा शिक्षक आता स्टाफरूममध्ये टीकेचा विषय होतो. समजा, ८० पैकी ८० मिळाले. ३०० चे ४५ टक्के म्हणजे १३५, उरले ५५. ते २२० गुणांच्या लेखी परीक्षेतून आणावयाचे, म्हणजे नेमके २५ टक्के. उत्तीर्ण होण्याच्या मंडळाच्या अटी बाजूस ठेवून केवळ पात्रतेच्या अटीचा विचार केला, तर तिची उंची ही आहे. एका दारावर डोळे मिटून केलेल्या निवडीचे २५ टक्के, दुसऱ्यावर लेखी परीक्षेचे २५ टक्के. हा योगायोग आहे. परंतु अशा योगायोगाने व्यवस्थेला लाज वाटावयास हवी होती.

बारावीची परीक्षा पूर्वी निर्दोष होती असे येथे मुळीच सुचवावयाचे नाही. सीईटीच्या आधी अभियांत्रिकीचे प्रवेश बारावीच्या गुणांवर होत, तेव्हा एखाद्या परीक्षकाच्या हातून सुटलेले दोन गुण आयुष्याची दिशा बदलीत. सामूहिक कॉपीच्या बातम्या दरवर्षी येत, आजही येतात. दिल्ली विद्यापीठात २०२१ मध्ये काही महाविद्यालयांच्या पहिल्या यादीत किमान गुणांची मर्यादा १०० टक्क्यांवर गेली आणि २०२२ पासून तेथे सीयूईटी आली, तेव्हा मंडळांच्या गुणांचा कस उतरल्याचे देशानेच मान्य केले. परंतु कस उतरलेल्या नाण्यावर दोन उपाय असतात. नाणे पुन्हा खरे पाडणे हा एक. ते चलनातून काढून दुसरे आणणे हा दुसरा. आपण दुसरा निवडला, आणि जुने नाणे तसेच खिशात खुळखुळत ठेवले.

मधला मार्ग चोखाळून पाहिलेला आहे. २०१४ आणि २०१५ या दोन वर्षी महाराष्ट्रात अभियांत्रिकीचे प्रवेश निम्मे जेईई मेन आणि निम्मे बारावीचे गुण अशा एकत्रित गुणांवर झाले. राष्ट्रीय पातळीवरही २०१३ पासून जेईई मेनच्या क्रमवारीत मंडळाच्या गुणांना ४० टक्के वजन होते. ते २०१७ पासून काढून टाकण्यात आले. राज्यात २०१६ मध्ये सीईटी परत आली ती एकटीच. निरनिराळ्या मंडळांचे गुण समपातळीवर आणण्याचे गणित पालकांना समजत नाही, अशी तक्रार त्या वेळी होती. आता सत्रनिहाय शततमकाचे गणित त्यांना समजते, असे मानावयाचे काय?

रिकामा वर्ग

या विभागणीची किंमत कोण देतो, हे पाहण्यासाठी विज्ञान शाखेच्या बारावीच्या वर्गात डिसेंबरमध्ये डोकावणे पुरेसे आहे. पटावर शंभर, बाकांवर पंधरा. ज्या गुणांचा उपयोग केवळ उंबरठा ओलांडण्यापुरता, त्यासाठी वर्गात बसण्याचे प्रयोजन विद्यार्थ्याला पटत नाही, आणि त्याच्या बाजूने पाहिल्यास ते चूकही नाही. खाजगी शिकवणी आणि कनिष्ठ महाविद्यालय यांच्यातील ‘इंटिग्रेटेड’ संगनमत याच पोकळीत वाढले. जून २०१८ मध्ये शासनाने मुंबई, पुणे, नाशिक, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि नागपूर विभागांतील विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. अंगठा घेण्याचे यंत्र बसले. परंतु विद्यार्थ्याने वर्गात का यावे, या प्रश्नाचे उत्तर यंत्रापाशी नव्हते.

२०२१ मध्ये तर वर्गाविना, लेखी परीक्षेविना बारावीचा निकाल लागला. दहावीचे ३०, अकरावीचे ३० आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ४० अशा सूत्राने राज्यात ९९.६३ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. तो महामारीचा अपवाद होता आणि त्यावर कोरडे ओढणे योग्य होणार नाही. परंतु त्या वर्षीही अभियांत्रिकीची प्रवेशप्रक्रिया सीईटीवर नेहमीसारखी पार पडली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. बारावीची लेखी परीक्षा नसली तरी प्रवेशाचे काही अडत नाही, ही गोष्ट त्या वर्षी सर्वांच्या अनुभवास आली. तिचा परिणाम पुढील तुकड्यांच्या मनावर काय झाला असेल, हे वेगळे सांगावयास नको.

ज्यांच्या घरी शिकवणीचे पैसे आहेत, त्यांना वर्ग रिकामा असल्याने फरक पडत नाही. तालुक्याच्या गावी, एस.टी.ने येऊन-जाऊन शिकणाऱ्या मुलीला मात्र तो वर्ग हीच शिकवणी असते. शिक्षकाने पंधरा मुलांपुढे उत्साहाने शिकवावे असे म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात तो त्या पंधरांतून उद्या किती येतील, याचाच विचार करीत फळा पुसतो.

जागा अधिक, परीक्षार्थी कमी

क्रमवारीची परीक्षा तेव्हाच सार्थ, जेव्हा जागांपेक्षा इच्छुक अधिक असतात. २०२४ मध्ये बीबीए, बीसीए, बीएमएस यांसारखे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आल्यानंतर त्यांनाही राज्याची सीईटी लागू झाली. मे महिन्याच्या अखेरीस पहिली परीक्षा झाली. परीक्षार्थी जागांपेक्षा फार कमी भरले. म्हणून ऑगस्टमध्ये अतिरिक्त सीईटी घ्यावी लागली. दरम्यान काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नावच बदलून तो बी.कॉम.च्या छत्राखाली नेला आणि बारावीच्या गुणांवर प्रवेश दिले. रिकाम्या जागांसाठी चाळणी लावावयाची, चाळणीमुळे जागा अधिकच रिकाम्या राहावयाच्या, मग चाळणी पुन्हा एकदा लावावयाची, असा हा क्रम. या प्रकारात ज्या मुलांनी मे महिन्यात सीईटीचा अर्जच भरला नव्हता, कारण त्यांना तो भरावा लागतो हे माहीत नव्हते, ती मुले बहुतांशी घरातील पहिल्या पिढीचीच होती, असा प्रवेश टेबलावरील आमचा अनुभव आहे. ती नापास झाली नव्हती. त्यांना खबर नव्हती.

तूर्त दोन गोष्टी तरी करता येण्याजोग्या आहेत आणि त्यांस कायदा बदलावा लागत नाही. सीईटीच्या कागदावर शततमकाशेजारी २०० पैकी मिळालेले कच्चे गुण, त्या सत्रातील परीक्षार्थींची संख्या आणि सत्राची सरासरी हे तीन आकडे मराठीत छापावेत, व दशांश स्थळे तीनवर थांबवावीत. गणिताची प्रश्नपत्रिका, इतर विषयांप्रमाणेच, मराठीतही द्यावी. बारावीच्या गुणांना क्रमवारीत पुन्हा वजन द्यावे काय, हा मोठा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखकाचे मत ‘द्यावे’ असे आहे, मात्र ते लेखी परीक्षेच्या २२० गुणांना, प्रात्यक्षिकांच्या व अंतर्गत ८० ना नव्हे.

त्या शेतकरी पालकांना यांतील फारच थोडे सांगता आले, कारण मागे रांग होती. कोऱ्या कागदावर शंभर टिंबे काढून त्यांतील अठ्ठ्याहत्तरावे दाखविले, तेव्हा त्यांनी मुलाकडे पाहिले आणि कागदाची घडी करून पिशवीत ठेवली.